द सागा ऑफ डॅरेन शॅन

द सागा ऑफ डॅरेन शॅन ही आयर्लंडमध्ये वाढलेले लेखक डॅरेन ओशॉनेसी यांनी 'डॅरेन शॅन' या टोपणनावाने लिहिलेली, किशोरवयीन वाचकांसाठीची इंग्रजी भयकादंबरीमालिका आहे. मालिकेत बारा पुस्तके असून ती २००० ते २००४ या काळात ब्रिटनमध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अमेरिकेत ती लिटल, ब्राउन या संस्थेतर्फे निघाली आणि तेथे पहिल्या पुस्तकाच्या 'सर्क द्यू फ्रीक' या नावानेच सबंध मालिका ओळखली जाते. एका शाळकरी मुलाचे अर्धव्हॅम्पायर होणे, घरादाराला मुकणे आणि पुढे दोन रक्तपिपासू जमातींच्या युद्धात ओढले जाणे, हा तिचा विषय आहे.

किशोरांसाठीच्या बहुतेक भयमालिकांतील पुस्तके सुटी असतात. कोणतेही पुस्तक कधीही उचलावे आणि वाचावे. ही मालिका तशी नाही. बारा पुस्तके मिळून एकच दीर्घ कथा होते आणि बाराव्या पुस्तकाचा शेवट पहिल्या पुस्तकाच्या आरंभाला येऊन मिळतो. म्हणून तिचे वाचन आरंभापासून अखेरपर्यंत क्रमानेच करावे लागते. शेवट उघड न करता मालिकेच्या रचनेविषयी काहीच सांगता येत नसल्यामुळे प्रस्तुत लेखात तो दिलेला आहे.

नाव आणि संज्ञा

'सर्क' हा सर्कस या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे, तर 'फ्रीक' हा इंग्रजी शब्द विचित्र शरीराच्या किंवा अद्भुत शक्तीच्या व्यक्तीला उद्देशून पूर्वी वापरला जाई. अशा माणसांना तंबूत उभे करून पैसे घेऊन दाखवण्याचे खेळ एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत सर्रास होत. कथेतील सर्कस त्याच जातीची असली तरी तेथील कलावंत कोणाचे बंदी नाहीत. ते स्वेच्छेने एकत्र राहणारे, एकमेकांना सांभाळणारे लोक आहेत.

'व्हॅम्पायर' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. रिचर्ड बर्टन यांनी वेताळाच्या कथांचे इंग्रजी रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हाच शब्द योजला होता. परंतु प्रेतात वास करणारा, कोडी घालणारा आपला वेताळ आणि माणसाचे रक्त पिऊन जगणारा युरोपीय व्हॅम्पायर यांत साम्य थोडेच आहे. 'पिशाच' म्हणावे तर या मालिकेतील व्हॅम्पायर मेलेलेही नाहीत. त्यामुळे येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

लेखक आणि निर्मिती

डॅरेन ओशॉनेसी यांचा जन्म २ जुलै १९७२ रोजी लंडनमध्ये झाला. सहा वर्षांचे असताना ते कुटुंबासह आयर्लंडमधील लिमरिक येथे राहायला गेले. लंडनच्या रोहॅम्प्टन येथे त्यांनी समाजशास्त्र आणि इंग्रजी या विषयांचे शिक्षण घेतले. काही काळ एका केबल दूरचित्रवाणी कंपनीत नोकरी करून वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी लेखन हाच पूर्णवेळ व्यवसाय पत्करला. त्यांचे पहिले प्रकाशित पुस्तक 'आयुआमार्का' (१९९९) ही प्रौढांसाठीची कादंबरी होती.

'सर्क द्यू फ्रीक'चे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी नाकारले होते. त्यांचे साहित्यिक प्रतिनिधी क्रिस्टोफर लिटल हे त्या काळात जे. के. रोलिंग यांचेही प्रतिनिधी होते. हॅरी पॉटरच्या पुस्तकांमुळे मुले जाडजूड, सलग कथा वाचायला तयार असतात हे प्रकाशकांना नुकतेच उमगू लागले होते, आणि त्या वेळी ही मालिका आली. त्याआधीच्या दशकात बालभयसाहित्यावर आर. एल. स्टाइन यांच्या 'गूजबम्प्स'ची छाप होती. १९९२ ते १९९७ या काळात निघालेल्या तिच्या मूळ बासष्ट पुस्तकांपैकी बहुतेकांत नवी मुले, नवे संकट आणि पुस्तकाअखेर सुटका असा साचा दिसतो. शॅन यांनी तो मोडला. येथे एका पुस्तकात मेलेला माणूस पुढच्या पुस्तकात परत येत नाही आणि त्याची उणीव शेवटपर्यंत जाणवत राहते.

लेखकाचे टोपणनाव आणि कथानायकाचे नाव एकच आहे. पहिल्या पुस्तकाच्या प्रास्ताविकात निवेदक सांगतो की ही कथा खरी आहे, फक्त नावे बदललेली आहेत. आणि खऱ्या आयुष्यात चांगल्यांचाच विजय होतो असे नाही. वाचक हे प्रास्ताविक भयकथेतील नेहमीची युक्ती समजून सोडून देतो. त्या दोन्ही विधानांचा अर्थ अकरा पुस्तकांनंतर लागतो.

रचना

बारा पुस्तके चार त्रयींत विभागलेली आहेत आणि प्रत्येक त्रयी पुढे एकत्रित खंडरूपानेही प्रसिद्ध झाली. निवेदन प्रथमपुरुषी असून डॅरेन आपल्या रोजनिशीच्या आधारे कथा सांगतो. भाषा साधी, वाक्ये आटोपशीर आणि प्रकरणे छोटी आहेत. कथा कोणत्या देशात, कोणत्या वर्षी घडते हे जाणूनबुजून सांगितलेले नाही.

डॅरेनचे वय हा रचनेतील एक महत्त्वाचा धागा आहे. व्हॅम्पायर दर दहा वर्षांत एका वर्षाने, तर अर्धव्हॅम्पायर दर पाच वर्षांत एका वर्षाने वाढतो. परिणामी कथेत वर्षे उलटतात, डॅरेनचे मन प्रौढ होते. शरीर मात्र मुलाचेच राहते.

कथानक

पहिली त्रयी: सर्क द्यू फ्रीक, द व्हॅम्पायर्स असिस्टंट, टनेल्स ऑफ ब्लड

डॅरेन हा फुटबॉलची आणि कोळ्यांची आवड असलेला मुलगा. आईवडील आणि धाकटी बहीण अ‍ॅनी असे त्याचे सुखी कुटुंब आहे. स्टीव्ह लेनर्ड हा त्याचा जिवलग मित्र बंडखोर असून घरी त्याला माया मिळालेली नाही. मुलांच्या हाती एका बेकायदा सर्कशीचे पत्रक येते. तिकिटे मात्र दोनच मिळतात. एक स्टीव्हचे, दुसरे कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी कागदाचे कपटे आणि तिकीट एकत्र उधळले जातात आणि डॅरेन डोळे मिटून नेमके तिकीटच पकडतो. सर्कशीत मादाम ऑक्टा या विषारी कोळिणीचे खेळ करणारा लार्टन क्रेप्सली हा प्रत्यक्षात व्हॅम्पायर आहे हे स्टीव्ह ओळखतो. खेळानंतर तो क्रेप्सलीकडे जाऊन आपल्यालाही व्हॅम्पायर करण्याची विनंती करतो. क्रेप्सली त्याचे रक्त चाखतो आणि ते दुष्टाचे रक्त आहे असे म्हणून त्याला झिडकारतो. बाल्कनीत लपलेला डॅरेन हे सारे पाहतो.

पुढे डॅरेन ती कोळीण चोरून घरी आणतो. ती स्टीव्हला चावते. उतारा क्रेप्सलीजवळच असतो आणि त्याची किंमत तो स्पष्ट सांगतो: डॅरेनने अर्धव्हॅम्पायर होऊन त्याचा साहाय्यक म्हणून राहावे. मित्राचा जीव वाचवण्यासाठी डॅरेन ते मान्य करतो. त्याच्या मृत्यूचा बनाव रचला जातो, रीतसर दफन होते आणि रात्री क्रेप्सली त्याला थडग्यातून बाहेर काढतो. सगळे ऐकू येत असताना निश्चल पडून राहिलेला डॅरेन घरच्यांचा आक्रोश ऐकतो, तो भाग मालिकेतील सर्वांत भयंकर भागांपैकी आहे. त्यात राक्षस नाही, अंधार नाही. फक्त एका घरातले सुतक आहे. दफनभूमीत स्टीव्ह त्याला गाठतो. डॅरेनने आपली जागा बळकावली अशी त्याची समजूत असते, आणि मोठेपणी त्याचा माग काढून सूड घेण्याची तो शपथ वाहतो.

दुसऱ्या पुस्तकात डॅरेन सर्कशीबरोबर राहतो. सर्पमानव एव्हरा व्हॉन त्याचा मित्र होतो. माणसाचे रक्त पिण्यास डॅरेन ठाम नकार देतो आणि त्यापायी खंगत जातो. सॅम ग्रेस्ट हा गावातील उत्साही मुलगा सर्कशीतल्या लांडगामानवाच्या हल्ल्यात प्राणांतिक जखमी होतो. मरणाऱ्याचे रक्त व्हॅम्पायरने प्राशन केल्यास त्याच्या आत्म्याचा अंश जिवंत राहतो, हे कळल्यावर डॅरेन प्रथमच मानवी रक्त पितो. त्यानंतर त्याला सॅमच्या आवडीचे व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे आवडू लागतात. इतक्या क्षुल्लक तपशिलातून मित्राची आठवण जागी ठेवणे ही या लेखकाची खासियत होय. तिसऱ्या पुस्तकात क्रेप्सलीच्या जुन्या शहरात मर्लो नावाचा खुनी भेटतो आणि 'व्हॅम्पनीझ' या शत्रुजमातीचा परिचय होतो. डेबी हेमलॉक या मुलीशी डॅरेनची मैत्री याच शहरात जुळते.

दुसरी त्रयी: व्हॅम्पायर माउंटन, ट्रायल्स ऑफ डेथ, द व्हॅम्पायर प्रिन्स

काही वर्षांनी क्रेप्सली डॅरेनला दर बारा वर्षांनी भरणाऱ्या व्हॅम्पायर परिषदेसाठी पर्वतात नेतो. लहान मुलाला दीक्षा दिल्याचा जाब क्रेप्सलीला द्यावा लागतो आणि डॅरेनची योग्यता ठरवण्यासाठी त्याला जीवघेण्या परीक्षा द्याव्या लागतात. चौथ्या परीक्षेत तो अपयशी ठरतो. अपयशाला शिक्षा एकच, मृत्यू. सुसंस्कृत, शांतताप्रिय कर्डा स्मॉल्ट त्याला पळून जाण्यास मदत करतो. मात्र वाटेत कर्डानेच गुप्तपणे व्हॅम्पनीझांना पर्वतात आणल्याचे उघड होते आणि आडवा आलेल्या गॅव्हनर पर्लला तो ठार करतो.

कर्डा खलनायक नाही. व्हॅम्पनीझांना त्यांचा भाकीत केलेला स्वामी सापडला आहे आणि युद्ध झाल्यास आपली जमात नष्ट होईल हे त्याला ठाऊक आहे. तडजोड घडवण्याचा दुसरा मार्ग न दिसल्याने तो फितुरी करतो. त्याचे म्हणणे ऐकून डॅरेनच्या मनात शंका उत्पन्न होते. तरी त्याच्याच साक्षीने कर्डा पकडला जातो आणि त्याला देहदंड होतो. डॅरेनचा स्वतःचा मृत्युदंड टाळण्यासाठी परिषद एक कायदेशीर पळवाट काढते. राजपुत्रांना हा दंड लागू होत नाही, म्हणून त्यालाच राजपुत्र केले जाते. पराक्रमासाठी नव्हे, तर नियमातील अडचणीतून मिळालेले हे राजपद किशोरसाहित्यात विरळाच आढळेल.

तिसरी त्रयी: हंटर्स ऑफ द डस्क, अलाइज ऑफ द नाइट, किलर्स ऑफ द डॉन

जमातींत युद्ध पेटते. मिस्टर टायनी हा पिवळा पोशाख आणि हिरवे गमबूट घालणारा, हृदयाच्या आकाराचे घड्याळ बाळगणारा गूढ पुरुष भाकीत करतो की डॅरेन, क्रेप्सली आणि राजपुत्र व्हँचा मार्च या तिघांनाच व्हॅम्पनीझांच्या स्वामीला मारण्याची संधी मिळेल. त्याचे पूर्ण नाव डेस्मंड टायनी. लघुरूपात ते 'डेस टायनी' होते आणि इंग्रजीत दैव या अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते.

आठव्या पुस्तकात कथा अनपेक्षितपणे वर्गात शिरते. शत्रूच्या सापळ्याचा भाग म्हणून डॅरेनला सक्तीने शाळेत जावे लागते. प्रत्यक्षात पंचविशी ओलांडलेला, युद्ध पाहिलेला, राजपुत्र झालेला हा 'मुलगा' बाकावर बसतो तेव्हा त्याला काहीही येत नाही. बालपणी सुटलेले शिक्षण कोणत्याही पराक्रमाने भरून निघालेले नाही. गृहपाठात त्याला मदत करू पाहणाऱ्यांची अडचणही निराळीच. कारण क्रेप्सलीला तर लिहितावाचताच येत नाही. विनोदी अंगाने लिहिलेल्या या प्रकरणांत डॅरेनने काय गमावले याचा हिशेब रणांगणातील प्रसंगांपेक्षा नेमका मांडला गेला आहे. शाळेतील इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून आता तरुण झालेली डेबी त्याच्यासमोर उभी राहते.

याच शहरात स्टीव्ह परत येतो. आरंभी तो मित्र म्हणून वावरतो आणि नंतर शत्रूच्या बाजूचा असल्याचे उघड होते. नवव्या पुस्तकाच्या अखेरीस क्रेप्सली व्हॅम्पनीझांच्या स्वामीला ठार करतो आणि सोबत्यांच्या सुटकेच्या बदल्यात स्वतःचा मृत्यू पत्करतो. त्यानंतर स्टीव्ह एकट्या डॅरेनला सांगतो की मेलेला माणूस तोतया होता. खरा स्वामी आपणच आहोत.

चौथी त्रयी: द लेक ऑफ सोल्स, लॉर्ड ऑफ द शॅडोज, सन्स ऑफ डेस्टिनी

दहाव्या पुस्तकात डॅरेन आणि त्याचा सोबती हार्कट मल्ड्स एका उजाड, अपरिचित जगात जातात. हार्कट हा मिस्टर टायनीने मृतात्म्यापासून घडवलेल्या 'छोट्या लोकां'पैकी एक असून आपण पूर्वी कोण होतो हे त्याला आठवत नाही. आत्म्यांच्या सरोवरातून ते एका मृताला वर काढतात. तो कर्डा असतो. हार्कट म्हणजेच कर्डा, हे त्यातून कळते. दोघे एकाच वेळी अस्तित्वात राहू शकत नाहीत आणि कर्डा हार्कटसाठी पुन्हा मरण स्वीकारतो. मुख्य कथा सोडून केलेली ही दीर्घ भटकंती काही वाचकांना कंटाळवाणी वाटते. मात्र सरोवर आणि छोटे लोक यांची ओळख येथे झाली नसती तर मालिकेचा शेवट समजलाच नसता.

अकराव्या पुस्तकात डॅरेन आपल्या मूळ गावी परततो. अ‍ॅनी आता मोठी झाली आहे. तिच्या मुलाचे नाव डेरियस असून त्याचा पिता स्टीव्ह आहे. स्टीव्ह एव्हराच्या मुलाला, शँकसला, ठार करतो. पुढे डॅरेन आपले रक्त देऊन डेरियसला व्हॅम्पनीझांच्या वाटेवरून परत आणतो. म्हणजे क्रेप्सलीने आपल्याला जे केले म्हणून तो वर्षानुवर्षे चिडला होता, तेच तो आपल्या भाच्याला करतो.

अंतिम द्वंद्वात मिस्टर टायनी उघड करतो की डॅरेन आणि स्टीव्ह दोघेही त्याचेच पुत्र आहेत. जो जिंकेल तो 'छायांचा स्वामी' होऊन जगाचा विध्वंस करील. डॅरेन जिंकला तरी तोच विध्वंसक ठरणार. दहाव्या पुस्तकातील उजाड जग हेच भविष्य होते. हे कळल्यावर डॅरेन मरणोन्मुख स्टीव्हला जाणूनबुजून डिवचतो, त्याच्या हातून स्वतःवर घातक वार करवून घेतो आणि दोघे नदीत कोसळतात. कोणीच जिंकत नाही.

शेवट

डॅरेनचा आत्मा सरोवरात अडकून पडतो. दीर्घ काळानंतर टायनीची कन्या इव्हाना त्याला बाहेर काढण्याची व्यवस्था करते. त्याला छोट्या माणसाचे रूप मिळते आणि तो भूतकाळात, नेमक्या सर्कशीच्या त्या रात्री पाठवला जातो. बाल्कनीत लपलेल्या लहानग्या डॅरेनला तो घाबरवून पळवून लावतो. मुलगा स्टीव्ह आणि क्रेप्सली यांचे बोलणे ऐकत नाही. कोळीण चोरली जात नाही. तो घरी जातो आणि साधे आयुष्य जगतो. मोठ्या घटना टळत नाहीत, एकाची जागा दुसरा घेतो, असा या जगाचा नियम सांगितलेला आहे. पण एक मुलगा आपल्या घरी परत जातो.

जाण्यापूर्वी तो आपल्या रोजनिश्या सर्कशीचे मालक मिस्टर टॉल यांच्याकडे सोपवतो. तो मुलगा मोठा होऊन लेखक झाला की त्या त्याला मिळाव्यात, अशी योजना असते. येथे पहिल्या पुस्तकाच्या प्रास्ताविकाचा आणि मुखपृष्ठावरील लेखकनामाचा उलगडा होतो: वाचकाने हाती धरलेली पुस्तके म्हणजे त्याच रोजनिश्या. ज्याने त्या छापल्या त्याच्या बाबतीत त्यातले काहीच घडलेले नाही.

व्हॅम्पायरांचे जग

शॅन यांचे व्हॅम्पायर रूढ कल्पनेपेक्षा वेगळे आहेत. ते वटवाघूळ होत नाहीत, अमर नसतात आणि क्रुसाला भीत नाहीत. दीक्षा सुळे रुतवून नव्हे, बोटांच्या टोकांवर छेद घेऊन रक्ताची देवाणघेवाण करून दिली जाते. ते माणसाचे थोडेच रक्त घेतात आणि जखम थुंकीने भरून काढतात. बंदूक किंवा धनुष्य वापरणे ते कमीपणाचे मानतात. त्यांना अपत्ये होत नाहीत.

कित्येक शतकांपूर्वी त्यांच्यातून फुटून निघालेले व्हॅम्पनीझ रक्त पिताना माणसाला ठार करतात, कारण अर्धवट रक्त घेऊन सोडून देणे त्यांना अप्रतिष्ठेचे वाटते. त्यांची त्वचा जांभळट, डोळे आणि केस तांबडे असतात. ते क्रूर असले तरी सहसा खोटे बोलत नाहीत आणि दिलेला शब्द पाळतात. त्यामुळे कोणती जमात अधिक नीतिमान, हा प्रश्न वाचकाला सहज सोडवता येत नाही.

रक्त आणि निवड

मालिकेच्या आरंभी क्रेप्सली एका मुलाचे रक्त चाखून त्याला दुष्ट ठरवतो. हा निवाडा खरा होता की त्या निवाड्यानेच स्टीव्हला तसे बनवले, हा प्रश्न पुढे अकरा पुस्तके तरंगत राहतो. घरात न मिळालेला आधार ज्याच्याकडे मागितला, त्यानेही तोंडावर 'तू जन्मतःच वाईट' असे सांगितले. मित्राला मात्र तीच गोष्ट न मागता मिळाली. स्टीव्हचा द्वेष या दोन घटनांतून वाढतो. दुसरीकडे, तो लहानपणापासून निष्ठुर असल्याच्या खुणाही लेखकाने ठेवल्या आहेत.

शेवटी दोघांचा पिता एकच निघाल्यावर रक्ताचा मुद्दा कोलमडतो. एकाच रक्ताची दोन मुले: एकाला प्रेमळ घर मिळाले, दुसऱ्याला नाही. तरीही डॅरेन सज्जन म्हणून वाचतो असे नाही. योग्य परिस्थितीत तोही जगाचा काळ ठरला असता. टायनीने सारे आधीच आखले असताना डॅरेनच्या हाती उरलेली खरी निवड जिंकण्याची नसून हरण्याची आहे. मालिकेतील त्याचा पहिला निर्णय मित्राला वाचवण्यासाठी स्वतःचे आयुष्य देण्याचा होता आणि अखेरचा निर्णयही त्याच जातीचा आहे. मधल्या काळात मात्र तो सूडाने आंधळा होतो, चुकतो, निरपराधांचे प्राण त्याच्या चुकांमुळे जातात. आणि या चुका लेखकाने झाकलेल्या नाहीत.

वाचनक्रम

प्रकाशनाचा क्रम हाच वाचनाचा योग्य क्रम होय. पहिली तीन पुस्तके बऱ्याच अंशी स्वतंत्र साहसकथांसारखी वाटतात. चौथ्यापासून मात्र प्रत्येक पुस्तक पुढच्याला बांधलेले आहे; पाचवे, आठवे आणि अकरावे ही पुस्तके तर प्रसंगाच्या ऐन मध्यावर संपतात. आरंभीची पुस्तके दहा-अकरा वर्षांच्या मुलांना पेलण्याजोगी असली तरी शेवटच्या त्रयीत हिंसा बरीच गडद होते, विशेषतः शँकसच्या मृत्यूचा प्रसंग.

'द सागा ऑफ लार्टन क्रेप्सली' ही चार पुस्तकांची पूर्वकथा २०१० ते २०१२ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्यातील घटना आधीच्या काळातल्या असल्या तरी ती मूळ बारा पुस्तकांनंतर वाचणे श्रेयस्कर. पहिल्या पुस्तकात स्टीव्ह एका जुन्या चित्रावरून क्रेप्सलीला ओळखतो आणि त्याला 'व्हर हॉर्स्टन' या नावाने हाक मारतो. मूळ मालिकेत हे नाव केवळ एक टोपणनाव वाटते. पूर्वकथेत कळते की व्हर हा क्रेप्सलीचा चुलतभाऊ होता. कारखान्यात दोघे बालमजूर असताना मुकादमाच्या हातून तो मेला आणि त्या मुकादमाला ठार करूनच लार्टन पळाला होता. म्हणजे स्टीव्हला दुष्ट ठरवणाऱ्या क्रेप्सलीने स्वतः लहानपणी खून केलेला होता. मूळ कथा माहीत असलेल्या वाचकालाच या तपशिलाचे वजन जाणवते.

रूपांतरे

पहिल्या तीन पुस्तकांवर आधारित 'सर्क द्यू फ्रीक: द व्हॅम्पायर्स असिस्टंट' हा अमेरिकी चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शन पॉल वाइट्झ यांचे असून जॉन सी. रायली यांनी क्रेप्सलीची, क्रिस मॅसोग्लिया यांनी डॅरेनची आणि जॉश हचरसन यांनी स्टीव्हची भूमिका केली. चित्रपटात मुलांची वये वाढवलेली आहेत आणि सूर बराचसा विनोदी आहे; दफनाचा प्रसंगही त्यामुळे हलका झाला आहे. त्याचा पुढील भाग निघाला नाही.

जपानमध्ये या मालिकेला मोठा वाचकवर्ग लाभला. ताकाहिरो आराई यांनी केलेले तिचे मंगा, म्हणजे चित्रकथारूप, 'वीकली शोनेन संडे' या साप्ताहिकात २००६ ते २००९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाले आणि नंतर बारा खंडांत निघाले. चित्रपट पहिल्या त्रयीवरच थांबला असला तरी मंगामध्ये कथा बाराव्या पुस्तकाच्या शेवटापर्यंत, सर्कशीच्या त्या रात्रीपर्यंत, नेलेली आहे.